बुगाटी टाइप ३५ : लिहिताना, ओळखताना आणि आकडे जुळवताना या चुका टाळा

ग्रां प्री, म्हणजे मोटारींच्या सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींच्या इतिहासात बुगाटीच्या टाइप ३५ इतकी छायाचित्रं दुसऱ्या कुठल्याच जुन्या गाडीची फिरत नसतील. घोड्याच्या नालेच्या आकाराचं रेडिएटर, सपाट आरे असलेली आठ आऱ्यांची चाकं, मागे निमुळती होत जाणारी शेपटी. पाहताक्षणी ओळख पटते, आणि चुका नेमक्या तिथूनच सुरू होतात. गाडी ओळखली असं वाटलं की आपण वर्ष तपासत नाही, नावापुढचं अक्षर तपासत नाही. मग एका गाडीचं इंजिन, दुसरीचा विजय आणि तिसरीचा फोटो एकाच लेखात येतात. प्रश्नमंजुषेपासून स्केल मॉडेलच्या खोक्यापर्यंत हा गोंधळ सगळीकडे दिसतो.

टाइप ३५ म्हणजे एकच गाडी, असं समजणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटी जन्मतात. अल्सासमधल्या मोल्सहाइमच्या कारखान्यातून १९२४ मध्ये निघालेली मूळ टाइप ३५ सुपरचार्जरविना (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाविना) होती. एका रांगेत आठ सिलिंडर, १९९१ सीसी, प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह (दोन आत घेणारे, एक बाहेर सोडणारा), वर एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि ताकद सुमारे ९० अश्वशक्ती. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरायचा, त्यामुळे त्या काळात अचंबा वाटावा इतक्या वेगाने, मिनिटाला ६००० फेऱ्यांपर्यंत, हे इंजिन पळवता यायचं.

३५ए दिसायला तशीच, पण आतून साधी. तिला टाइप ३० चं सौम्य इंजिन आणि बहुतेक वेळा तारांची चाकं असत. लोकांनी तिचं नाव 'टेक्ला' पाडलं, कृत्रिम मोत्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पेढीवरून. ३५टी मध्ये स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली होण्याचा पल्ला) ८८ वरून १०० मिलिमीटरवर नेला आणि इंजिन २२६२ सीसीचं झालं. ३५सी म्हणजे दोन लिटर अधिक रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर. ३५बी म्हणजे २.३ लिटर अधिक सुपरचार्जर, ताकद सुमारे १४० अश्वशक्ती. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने आली नाहीत, म्हणून 'बी ही सी च्या आधीची आणि कमी ताकदीची' असा तर्क अनेक जण करतात. तो उलटा आहे. सगळ्यात दमदार ३५बी.

आकडा जुळत नसेल तर आधी अक्षर बघा. १९२९ च्या मोनॅको विजयाशेजारी १९९१ सीसी लिहिलेलं दिसलं, तर तक्ता मूळ गाडीचा आहे आणि विजय ३५बी चा.

पहिल्याच शर्यतीत बाजी मारली, असं लिहिणं

पदार्पण झालं ३ ऑगस्ट १९२४ ला, लिऑनच्या फ्रेंच ग्रां प्रीत. कंपनीचे संस्थापक एत्तोरे बुगाटी पाच गाड्या घेऊन उतरले. जिंकली अल्फा रोमेओची पी२, चालक ज्युसेप्पे कांपारी. बुगाटीच्या गाड्या सातव्या आणि आठव्या आल्या. कारण गाडीत नव्हतं, टायरमध्ये होतं. खास बनवून घेतलेल्या टायरांचा वरचा थर सुटून निघत होता. त्या दिवसाचा निकाल वाचून 'डिझाइन फसलं' म्हणणं जितकं चूक, तितकंच तो निकाल झाकून 'आल्या आल्या जिंकली' म्हणणंही चूक. पुढच्याच महिन्यात सान सेबास्तियनला बार्तोलोमेओ कोस्तांतिनी टाइप ३५ घेऊन दुसरा आला, तेव्हा गाडीत काय दम आहे ते दिसलं.

अल्फा पी२ ला सुपरचार्जर होता, ताकद सुमारे १४० अश्वशक्ती. बुगाटींचा सुपरचार्जरला तात्त्विक विरोध होता. इंजिनाचा आकार ठरवून दिला असताना त्यात हवा कोंबून भरणं त्यांना पटत नसे. पुढे त्यांना माघार घ्यावी लागली, आणि त्या माघारीतूनच सी आणि बी आल्या. हा ताण समजून घेतल्याशिवाय या गाडीचं घराणं उलगडत नाही.

१९२६ चं अजिंक्यपद टाइप ३५ च्या नावावर टाकणं

ही चूक जाणकारही करतात. १९२६ मध्ये बुगाटीने निर्मात्यांचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं, हे खरं. पण त्या वर्षापासून ग्रां प्रीचा नियम दीड लिटरचा झाला होता. दोन लिटरची टाइप ३५ त्यात बसतच नव्हती. अजिंक्यपद मिळवून दिलं टाइप ३९ए ने: तोच सांगाडा, तोच तोंडवळा, पण स्ट्रोक कमी करून दीड लिटरवर आणलेलं, सुपरचार्जर लावलेलं इंजिन.

त्या वर्षीच्या मिरामासच्या फ्रेंच ग्रां प्रीबद्दलही जपून लिहा. तिथे ज्यूल गू जिंकला, पण शर्यतीत मुळात तीनच गाड्या उतरल्या होत्या आणि तिन्ही बुगाटीच्या. निकालात नोंद झाली ती एकट्या गूची. विजय तो विजयच, फक्त त्याला घनघोर झुंज म्हणू नका.

साधा उपाय: शर्यतीचं वर्ष दिसलं की त्या वर्षीचा नियम आठवा. १९२५ पर्यंत दोन लिटर, १९२६ आणि १९२७ दीड लिटर, आणि १९२८ पासून इंजिनाच्या आकारावरची मर्यादाच उठली. म्हणूनच ३५बी आणि ३५सी चे मोठे ग्रां प्री विजय १९२८ ते १९३० या काळात एकवटलेले दिसतात. मोंझाला १९२८ मध्ये लुई शिरॉन, मोनॅकोला १९२९ मध्ये विल्यम्स, १९३० मध्ये रेने ड्रेफस, आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या पाउ इथे फिलिप एतांस्लां.

'हजार विजय', 'दोन हजार विजय' हे आकडे उचलणं

हे आकडे सगळीकडे भेटतात. त्यात काय काय मोजलंय ते सहसा कोणी सांगत नाही. डोंगरचढाईच्या स्पर्धा, छोट्या गावांच्या शर्यती, गटवार पहिले क्रमांक असं सगळं त्यात येतं. ग्रां प्री विजयांचा आकडा म्हणून तो छापणं साफ चुकीचं आहे.

पण म्हणून तो आकडा फेकूनही देऊ नका, कारण या गाडीची खरी थोरवी त्यातच आहे. अल्फा पी२ किंवा फ्रेंच डेलाज कंपनीची दीड लिटरची गाडी या मुख्यतः कारखान्याच्या संघासाठी बांधलेल्या मोजक्या गाड्या होत्या. बुगाटींनी आपली ग्रां प्री गाडी चक्क विकायला काढली. पैसे मोजणारा कोणीही ती घेऊन रविवारी शर्यतीत उतरू शकत होता. ड्रेफसने १९३० मध्ये मोनॅकोत खुद्द कारखान्याच्या संघाला हरवलं ते खासगी ३५बी घेऊन. जादा इंधनटाकी बसवल्याने तो न थांबता पळाला, आणि कारखान्याच्या संघातल्या शिरॉनला इंधनासाठी थांबावं लागलं.

तार्गा फ्लोरिओची पाच सलग जेतेपदं (१९२५ ते १९२९) हाही असाच घसरायचा मुद्दा. ती ग्रां प्री नव्हती. सिसिलीच्या डोंगरांतल्या १०८ किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर पाच फेऱ्या, म्हणजे ५४० किलोमीटर. कोस्तांतिनी दोनदा, मातेरास्सी एकदा, दिवो दोनदा. मला विचाराल तर हेच या गाडीचं खरं प्रगतिपुस्तक. आणि १९२८ ची शर्यत सांगताना फक्त दिवोचं नाव घेऊन थांबू नका. चेक शर्यतपटू एलिश्का युनकोव्हा हिने आधी जाऊन तो रस्ता पायी पाहून ठेवला होता. दुसऱ्या फेरीअखेर ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि शेवटी पाचवी आली.

डिझाइन अश्वशक्तीवरून जोखणं

अश्वशक्तीच्या तक्त्यात ही गाडी बऱ्याचदा मागे दिसते. मग ती जिंकली कशी? उत्तर गाडीच्या खाली वाकून बघितलं की सापडतं. पुढचा आस घडवलेल्या पोलादाचा आणि आतून पोकळ. स्प्रिंगा त्याच्या खालून किंवा वरून जात नाहीत, आसात काढलेल्या चौकोनी भोकांतून आरपार जातात. सांगाड्याच्या पट्ट्या सगळीकडे सारख्या नाहीत. जिथे भार जास्त तिथे खोल, पुढे टोकाला बारीक. एकूण वजन सुमारे ७५० किलो.

चाकाकडे नुसतं शोभा म्हणून पाहू नका. अॅल्युमिनियमच्या ओतीव चाकातच ब्रेक ड्रम आहे. चाक काढलं की ड्रम सोबत येतो आणि ब्रेकचे शू समोर उघडे पडतात, म्हणजे टायर बदलता बदलता ब्रेक तपासता येतो. ब्रेकची उष्णताही चाकातूनच बाहेर पडते. जुन्या चाकांच्या कडेवर बारीक स्क्रूंची गोल रांग दिसते, कारण ती कड सुटी होते. मॉडेल करणाऱ्यांनी हा तपशील सोडू नये.

इंजिनाबाबत नव्या माणसाला दोन गोष्टी हमखास चकवतात. ऑइल प्रेशरचा काटा आजच्या गाडीच्या मानाने खाली असतो. रोलर बेअरिंगला तेल दाबाने नव्हे, उडवून मिळतं, त्यामुळे काटा खाली दिसला म्हणून बिघाड झालाच असं नाही. दुसरं, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) सुटं होत नाही. ते सिलिंडर ब्लॉकसोबतच ओतलेलं आहे, चार-चार सिलिंडरचे दोन ब्लॉक. व्हॉल्व्ह घासायचे तर अख्खा ब्लॉक उचलावा लागतो. 'हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली चकती) गेलं' असं निदान या इंजिनाबाबत कोणी केलं, तर समजावं की त्याने ते कधी उघडलेलं नाही.

फोटोवरून घाईने नाव देणं

तारांची चाकं दिसली तर ३५ए असेल किंवा चार सिलिंडरची टाइप ३७. बॉनेट उघडं असेल तर सिलिंडर मोजा. शेपटीवर इंधनाची दोन झाकणं आणि डॅशबोर्डवर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र) मधोमध नसून डावीकडे सरकलेला दिसला, तर ती बहुधा १९३१ ची टाइप ५१, जिच्यात दोन कॅमशाफ्ट आले. १९३१ चा मोनॅको विजय तिचा आहे, ३५ चा नव्हे.

रंगावर तर मुळीच विसंबू नका. निळा हा फ्रान्सचा शर्यतीचा रंग, आणि रंग ठरायचा तो गाडी उतरवणाऱ्याच्या देशावरून. १९२९ च्या मोनॅकोत जिंकलेली विल्यम्सची ३५बी हिरवी होती. हा विल्यम्स म्हणजे विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स. १९२६ ची इटालियन ग्रां प्री जिंकलेला 'साबिपा' म्हणजे लुई शारावेल. टोपणनाव आणि खरं नाव दोन वेगळ्या ओळींत टाकून विजय दुप्पट केलेले तक्ते सर्रास आढळतात.

शेवटचं, आजच्या रंगीत फोटोंबद्दल. अर्जेंटिनात आजही मूळ पद्धतीने हुबेहूब टाइप ३५ बांधल्या जातात, आणि त्या इतक्या नेटक्या असतात की फोटोवरून फरक कळत नाही. त्यामुळे मेळाव्यातल्या गाडीखाली 'हीच ती मोनॅकोची गाडी' असं लिहिण्याआधी सांगाड्याचा क्रमांक आणि मालकीची सलग नोंद मागा. ती नसेल तर 'टाइप ३५ धाटणीची गाडी' एवढंच लिहा.