वक्र दिसत नाही? आधी ‘आर’लाच विचारा

‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास फोन येतो, “मॅडम, हिस्टोग्राम आलाय, पण त्यावर नॉर्मलचा घंटेसारखा वक्र दिसतच नाही.” मी विचारते, उभ्या अक्षावर काय लिहिलंय? तिथे ‘फ्रीक्वेन्सी’, म्हणजे प्रत्येक खांबातल्या नोंदींची संख्या, असते.

‘आर’सोबतच येणारा ‘फेथफुल’ हा डेटा घेऊन करून बघा. अमेरिकेत यलोस्टोनला ओल्ड फेथफुल नावाचं गरम पाण्याचं कारंजं आहे, त्याच्या 272 नोंदी यात आहेत. ‘वेटिंग’ (दोन उद्रेकांमधली मिनिटं) या स्तंभाचा हिस्टोग्राम काढला की सर्वांत उंच खांब पन्नासच्या वर जातो. नॉर्मलचा वक्र काढणारं डीनॉर्म हे फंक्शन मात्र घनता देतं आणि इथे ती फार तर 0.03 पर्यंत पोचते. वक्र निघालेला असतो, फक्त आडव्या अक्षाला चिकटलेला. हिस्टोग्राम काढणाऱ्या ‘हिस्ट’मध्ये ‘फ्रेक’ फॉल्स करा, वक्र काढणाऱ्या ‘कर्व्ह’मध्ये ‘ॲड’ ट्रू करा, वक्र वर येतो. मग हेही दिसतं की डेटाला दोन शिखरं आहेत आणि नॉर्मल त्याला बसतच नाही. हा क्षण मला फार आवडतो.

‘फ्रेक’बद्दलचं सगळं हिस्टच्या मदतपानावर आहे. कन्सोलवर (जिथे आज्ञा टाइप करतो तिथे) प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे फंक्शनचं नाव, की पान उघडतं. नाव अर्धवट आठवत असेल तर ‘अप्रोपॉस’ला तेवढा तुकडा अवतरणचिन्हांत द्या. नुसता विषय माहीत असेल तर दोन प्रश्नचिन्हं. मराठी माध्यमातून आलेली मुलं ते इंग्रजी पान पाहून दचकतात. त्यांना मी तळापासून सुरुवात करायला सांगते. तिथली उदाहरणं आधी चालवा, मग वर ‘आर्ग्युमेंट्स’कडे जा.

संभाव्यतेच्या फंक्शनांत पहिलं अक्षर बघा. डी म्हणजे घनता (खंडित चलासाठी थेट संभाव्यता), पी म्हणजे तिथपर्यंतची बेरीज, क्यू म्हणजे उलटा प्रश्न, आर म्हणजे यादृच्छिक नमुना. पीनॉर्मला 1.96 दिलं की 0.975 मिळतं, क्यूनॉर्मला 0.975 दिलं की 1.96.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते ‘किमान’ या शब्दावर. नाणं 10 वेळा उडवलं, किमान 3 छापे येण्याची संभाव्यता किती? मुलं पीबायनॉमला (द्विपद वितरणाच्या ‘पी’ फंक्शनला) 3 देतात, ‘लोअर डॉट टेल’ फॉल्स करतात, म्हणजे वरच्या बाजूची संभाव्यता मागतात, आणि 0.8281 लिहून मोकळी होतात. पण ती 3 पेक्षा जास्त छाप्यांची संभाव्यता झाली, 3 स्वतः सुटले. 2 द्यायला हवं होतं. उत्तर 0.9453. मदतपानावर तिथे ‘पेक्षा मोठं’ असंच चिन्ह आहे, बरोबरीचं नाही. तसंच डीनॉर्मला प्रमाण विचलन लागतं. पुस्तकात प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) 25 दिलं असेल तर 5 द्या.

एवढं करूनही अडलात तर जरूर विचारा, पण पडद्याचा फोटो पाठवू नका. ‘हेड’ने पहिल्या चार-सहा ओळी घ्या, ‘डीपुट’ने कोडच्या रूपात छापा आणि तो मजकूर, तुमचा कोड आणि आलेला एरर जसाच्या तसा चिकटवा. यादृच्छिक आकडे असतील तर वर ‘सेट डॉट सीड’ची ओळ हवीच, म्हणजे तुमच्याकडे आलेले आकडे माझ्याकडेही येतील.