बंदी असलेला मासा तर नाही ना? घेण्याआधी आणि विकण्याआधी असं तपासा

‘हा मासा पाळायला कायदेशीर आहे का?’ या प्रश्नाला विक्रेत्याने ताडकन ‘हो’ म्हटलं, तर त्यावर विसंबू नका. जो मासा एका देशात उघडपणे विकला जातो, तोच दुसऱ्या देशात नुसता बाळगणं हा गुन्हा असू शकतो. काही ठिकाणी घरी ठेवायला मुभा असते, पण विकायला मनाई असते. मासा नेमका कोणता, तुम्ही राहता कुठे, तो आला कुठून आणि तुम्ही त्याचं काय करणार, यावर सगळं ठरतं. तेव्हा याच क्रमाने तपासत जा.

१. शास्त्रीय नाव पक्कं करा

कायदा दुकानातल्या नावांवर चालत नाही. ‘अरोवाना’चंच घ्या. आशियाई अरोवाना, म्हणजे स्क्लेरोपेजेस फॉर्मोसस, हा साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. दक्षिण अमेरिकेतला चंदेरी अरोवाना, म्हणजे ऑस्टिओग्लोसम बायसिरोसम, साइट्सच्या यादीत नाही. पाटीवर दोघांचंही नाव नुसतं ‘अरोवाना’ असतं. म्हणून शास्त्रीय नाव बिलावर लिहून घ्या. विक्रेता लिहून द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पैसे काढू नका. संकरित मासा आहे म्हणून सूट मिळेल, हेही गृहीत धरू नका.

२. सगळ्या याद्या पाहा

माशावर बंधन येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणाची यादी वेगळी असते. बहुतेक जण एकच यादी पाहून निर्धास्त होतात.

पहिलं कारण म्हणजे मासा दुर्मीळ असणं. इथे साइट्स येतो. १९७३ मध्ये झालेला हा करार १ जुलै १९७५ पासून लागू आहे. पहिल्या परिशिष्टातले प्राणी निसर्गातून पकडून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. दुसऱ्या परिशिष्टातल्यांचा व्यापार परवान्यावर चालतो. सगळे समुद्रघोडे आणि खडक बांधणारी प्रवाळं या दुसऱ्या परिशिष्टात येतात. ब्राझीलच्या शिंगू नदीतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको हा मासा साइट्सच्या २०२२ च्या परिषदेत तिथे आला, म्हणजे यादी बदलत राहते. जुन्या पुस्तकातली माहिती चालणार नाही. ‘स्पीशीज प्लस’ या संकेतस्थळावर शास्त्रीय नाव टाकलं की सध्याची स्थिती दिसते. मात्र साइट्स फक्त सीमेपलीकडच्या व्यवहारापुरता आहे. देशांतर्गत नियम प्रत्येक देश स्वतः करतो. भारताने वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती करून साइट्समधल्या जिवंत प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद केली, ती अशीच.

दुसरं कारण अगदी उलटं: मासा इतका चिवट असतो की तळ्यात सुटला तर स्थानिक मासे संपवेल. अमेरिकेत २००२ मध्ये मेरीलँडच्या एका तळ्यात आशियाई स्नेकहेड हे शिकारी मासे सापडले आणि त्याच वर्षी या कुळातल्या सर्व माशांच्या आयातीवर बंदी आली. जपानने २०१८ मध्ये लांब जबड्याचे ‘गार’ (gar) कुळातले मासे आक्रमक, म्हणजे बाहेरून येऊन स्थानिक जिवांना धोका ठरणारे, असे जाहीर केले. युरोपीय संघाच्या आक्रमक जिवांच्या यादीत तर मार्बल्ड क्रेफिश ही गोड्या पाण्यातली, झिंग्यासारखी प्रजाती आहे; तिची एकटी मादी नराशिवाय पिल्लं देते. अशा जिवाला ‘एकच तर आहे’ हा बचाव कसा चालेल?

तिसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. जनुक बदलून चमकवलेले मासे अमेरिकेत सर्रास मिळतात, पण युरोपीय संघात त्यांच्या विक्रीला परवानगी नाही.

देशाची यादी झाली की राज्याची किंवा प्रांताची पाहा. पिरान्हा अमेरिकेच्या काही राज्यांत चालतो, काहींत नाही. आणि यादी कोणत्या प्रकारची आहे तेही बघा. काही देश बंदी असलेल्यांची नावं देतात, तर ऑस्ट्रेलिया आयातीसाठी परवानगी असलेल्यांची देतो. तिथे यादीत नाव नसणं याचाच अर्थ मनाई.

३. पाळणं, विकणं आणि नेणं वेगळं धरा

जपानमध्ये १ जून २०२३ पासून अमेरिकी लाल क्रेफिश घरी पाळता येते, पण विकणं किंवा मोकळ्या पाण्यात सोडणं गुन्हा आहे. त्यामुळे बाळगणं, पैदास, विक्री, फुकट देणं आणि सीमेपार नेणं यांतलं तुम्हाला काय करायचं आहे, त्याचा नियम वेगळा शोधा. कुरियरने पाठवायचं असेल तर पाठवणारा आणि घेणारा, दोघांच्याही ठिकाणचे नियम लागू होतात.

४. कागद माशाशी जुळवा

‘फार्ममध्ये पैदास केलेला आहे’ एवढं तोंडी सांगणं म्हणजे काहीच नाही. साइट्सच्या परवान्यावर उगमाचं अक्षर असतं: निसर्गातून पकडलेल्यासाठी डब्ल्यू, बंदिस्त पैदाशीसाठी सी, आणि पहिल्या परिशिष्टातल्या, नोंदणीकृत केंद्रात व्यापारासाठी वाढवलेल्या प्राण्यासाठी डी. आशियाई अरोवानाच्या अंगात मायक्रोचिप असते; तिचा क्रमांक स्कॅनरवर समोर पाहून प्रमाणपत्राशी ताडून घ्या. निर्यात परवान्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते, म्हणून त्यावरची तारीखही वाचा. एका परवान्याची झेरॉक्स दहा गिऱ्हाइकांना दाखवली जात असेल, तर तो कागद तुमच्या माशाचा नाही.

५. मासा आधीच टाकीत असेल तर

घाबरून नदीत सोडू नका. तो बहुतेक ठिकाणी वेगळा, आणि कित्येकदा मोठा, गुन्हा ठरतो. घाईने विकूही नका. नव्याने बंदी आली असेल तर जुन्या मालकांना सवलत आहे का, ते पाहा. युरोपीय संघात आक्रमक जिवांच्या यादीत नाव येण्याआधीपासून घरी असलेला प्राणी त्याच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत ठेवता येतो. अट एवढीच की तो निसटू नये आणि त्याची पैदास होऊ नये. सवलत नसेल तर वन्यजीव किंवा मत्स्य विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेल्या आश्वासनाचा पुढे पुरावा नसतो. प्रकरण गंभीर वाटलं तर आधी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

६. विकताना

ग्राहकाला मूळ कागद किंवा रीतसर हस्तांतरण द्या आणि बिलाची एक प्रत स्वतःकडे ठेवा: शास्त्रीय नाव, संख्या, चिप क्रमांक, तारीख. नोंदणी असलेल्या माशाची मालकी बदलली, पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं का, हे नोंदणी करतानाच विचारून घ्या.