वेळ हवा असेल तर कामं सोडा, पण सोडताना या चुका टाळा

“वेळच मिळत नाही हो” असं कोणी म्हटलं की आपण लगेच उपाय सांगायला लागतो. पहाटे पाचला उठा, डायरी लिहा, फोनमध्ये अमुक ॲप घ्या. नीट पाहिलं तर यातला प्रत्येक उपाय म्हणजे आधीच्या ढिगावर आणखी एक काम. यादीतलं एखादं काम खोडून टाका, असं सहसा कोणी सुचवत नाही.

ही सवय फक्त आपलीच नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०२१ साली ‘नेचर’मध्ये आला होता. त्यात लोकांना ठोकळ्यांची रचना, लिहिलेला मजकूर, एका दिवसात कोंबलेला सहलीचा बेत अशा गोष्टी सुधारायला दिल्या होत्या. बहुतेकांनी त्यात भरच घातली. काहीतरी काढून टाकलं की काम सोपं होत होतं, तिथेही ते अनेकांना सुचलं नाही. ‘काढलंत तरी चालेल’ अशी आठवण करून दिल्यावर मात्र जास्त जणांना सुचलं.

आम्हा इंदूरकरांना याचा पुरावा रोज दारात दिसतो. एके काळी इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मोठ्या कचरापेट्या असायच्या आणि पेटीपेक्षा जास्त कचरा तिच्याभोवती. महापालिकेनं त्या पेट्याच उचलून टाकल्या, सकाळी घरोघरी गाडी पाठवायला सुरुवात केली आणि २०१७च्या स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे देशातल्या शहरांच्या स्वच्छतेच्या क्रमवारीत, शहर पहिलं आलं. पेट्या वाढवत बसले असते तर कचराही वाढतच गेला असता.

दिवसाचंही तसंच करता येतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ‘यंदा दोन-तीन कामं सोडायची’ असं ठरवणारी माणसं महिन्याभरात पुन्हा तिथेच येतात, तेव्हा ठरवण्यात कमी पडलेली नसतात. घोळ होतो तो सोडण्याच्या पद्धतीत.

पहिली कात्री स्वतःच्याच आवडीला लावणं

वेळ कमी पडायला लागला की सगळ्यात आधी काय जातं? सकाळचं फिरणं, पेटीवरचा रियाज, महिन्याचं मराठी नाटक, दुपारी अर्धा तास हातात धरलेलं पुस्तक. कारण उघड आहे. ही कामं बंद केली तर कोणाचा फोन येत नाही, कोणी रुसत नाही. सोडायला सोपं ते आपण सोडतो आणि ज्यासाठी वेळ हवा होता तेच हातचं जातं.

यावर साधा उपाय म्हणजे एक आठवडा वही ठेवा. डाव्या बाजूला दिवसभरात केलेलं काम आणि उजव्या बाजूला एकच नोंद: हे करायला कोणी सांगितलं? प्रामाणिकपणे लिहिलंत तर उजवीकडे तीन प्रकारची उत्तरं येतील. काही कामं आत्ता कोणाला तरी खरोखर हवी आहेत. काही कोणीतरी फार पूर्वी सांगितली होती आणि ती तशीच चालू राहिली. आणि काही कोणीच सांगितलेली नाहीत. ओळखीतल्या एका काकूंच्या वहीत दिवाळीचा फराळ असा निघाला. सात घरी डबे जायचे. त्यातल्या तीन घरांत आता फक्त म्हातारी माणसं, त्यांना तळकट वर्ज्य, आणि दोन घरचे लोक स्वतःच डबे वाटत फिरायचे. काकूंची कंबर मात्र चार दिवस धरलेली असायची. सोडायचं ते या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातलं. पहिल्या प्रकाराला हात लावायची वेळ बऱ्याचदा येतच नाही.

‘बघू’ म्हणून सोडून देणं

आपल्याकडे सगळ्यात महाग पडणारी चूक ही. गणपतीच्या महिनाभर आधी कॉलनीत होणारं बोलणं पाहा:

“वहिनी, यंदाही हिशोब तुमच्याकडेच ठेवतो बरं का. तुमच्याइतकं चोख कोणाला जमत नाही.”

“अहो भाऊ, यंदा ऑफिसचं जरा जास्त आहे... बघते.”

“बघा बघा, काही घाई नाही.”

चार दिवसांनी छापून आलेल्या पत्रिकेत खजिनदार म्हणून वहिनींचं नाव असतं. त्यात भाऊंची लबाडी काहीच नाही. ‘बघते’ याचा अर्थ ‘हो, पण थोडे आढेवेढे घेते’ असाच लावायची आपली रीत आहे. मग वर्गणीच्या पावत्या, मंडपवाल्याचा ॲडव्हान्स, प्रसादाची बिलं, आणि अनंत चतुर्दशीला सगळं शहर मिरवणुकीतल्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) बघायला बाहेर पडलेलं असताना वहिनी घरी बसून बावीस रुपयांचा फरक शोधत असतात.

आता दुसरं बोलणं:

“भाऊ, यंदा हिशोब माझ्याकडे नको. वर्गणी पहिल्याच दिवशी देते आणि आरतीला रोज येते.”

यात तीन गोष्टी आहेत. नकार पहिल्याच वाक्यात आला. काय करणार तेही सांगितलं, म्हणजे मंडळाशी नातं तुटत नाही. आणि कारण दिलं नाही. कारण देण्याचा मोह फार होतो, पण समोरचा माणूस मदत म्हणून ते कारण सोडवायला बसतो. “ऑफिसातून उशीर होतो? मग रात्री नऊनंतर करा की.” “पाय दुखतात? आम्ही घरी आणून देऊ पावत्या.” त्यानंतर नाही म्हणायला तोंड उरत नाही. फार जवळचं माणूस असेल तर कारण जरूर सांगा, पण आधी नकार पोचू द्या. भीड भिकेची बहीण, हे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. त्या पैशाबद्दल बोलत असतील, मला ते वेळेच्या बाबतीत जास्त खरं वाटतं.

आपण सोडलं आणि घरातल्या दुसऱ्याच्या गळ्यात पडलं

याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण वेळेच्या सगळ्या सल्ल्यांत ही बाजू गाळली जाते.

नवऱ्यानं ठरवलं, संध्याकाळी भाजी आणायचं काम आपण सोडायचं, तो वेळ फिरायला द्यायचा. छान. भाजी तर घरात येतेच आहे. मग ती आणतं कोण? ऑफिसातून परतताना बायको वाटेत उतरते, पिशव्या सावरत घरी येते आणि तशीच ओट्यापाशी उभी राहते. इथे वेळ वाचलेला नाही, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेला आहे. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयानं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षं आणि त्यापुढच्या वयोगटात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांचे ८८. यापूर्वीच्या २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बाईची मिनिटं थोडी उतरली, पुरुषाचीही जवळपास तितकीच उतरली, आणि मधली दरी होती तिथेच राहिली.

म्हणून घरातलं कोणतंही काम सोडताना तिघांनी-चौघांनी एकत्र बसून बोलावं. काम खरोखर बंद करायचं आहे का? नसेल तर ते कोण घेणार आणि ते त्या माणसाच्या तोंडून ‘हो’ म्हणून आलं आहे का? या दोन्हींचं उत्तर मिळाल्याशिवाय ते काम सुटलं असं धरू नका. आणि शक्य तिथे काम मुळातूनच कमी करा. रविवारचा नाश्ता हे सोपं उदाहरण. कोपऱ्यावर वाफेवरचे पोहे आणि गरम जिलेबी मिळणाऱ्या या शहरात रविवारी सकाळी गॅस पेटलाच पाहिजे असं कुठे आहे? संक्रांतीचं हळदीकुंकू चार शेजारणींनी मिळून एकाच घरी केलं तर वाण लुटायचा आनंद तोच राहतो आणि तीन घरांची तयारी वाचते. चैत्रगौरीच्या डाळ-पन्ह्याचंही तसंच.

सासूबाई किंवा आई म्हणतील, “आम्ही नाही का सगळं केलं?” त्यांनी केलं, हे अगदी खरं आहे आणि तसं मोकळेपणानं म्हणावं. फक्त तेव्हा एका वाड्यात चार जावा होत्या आणि आता फ्लॅटमध्ये आपण एकट्या आहोत, हेही शांतपणे सांगावं. वाद न घालता दोनदा सांगितलं की बहुतेक वेळा पटतं.

पाहुण्यांच्या बाबतीत दोनच टोकं धरणं

इंदूरच्या मराठी घरांचा हा खास प्रश्न. उज्जैन इथून सुमारे ५५ किलोमीटर, ओंकारेश्वर साधारण ८०. पुणे-मुंबई-नागपूरचे नातेवाईक दोन्ही ज्योतिर्लिंगं करायला येतात आणि मुक्काम आपल्याकडे असतो. २०२२च्या ऑक्टोबरात उज्जैनला ‘महाकाल लोक’ हा महाकाल मंदिराचा नवा परिसर खुला झाल्यापासून तर हे येणं वर्षभर चालू असतं. पहाटेची भस्म आरती गाठायची म्हणजे इंदूरहून मध्यरात्रीनंतर निघायचं. गाडी चालवणार यजमान, आणि दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाऊ घालणारेही तेच. अशा चार खेपा झाल्या की वर्षाच्या रजा संपतात. मग काही घरं एकदम दुसऱ्या टोकाला जातात: “आम्ही त्या तारखांना गावाला आहोत.” खोटं बोलून वेळ वाचवला की तो खोटं सांभाळण्यात जातो, शिवाय माणूस दुरावतं ते वेगळंच.

मधला मार्ग आधीच स्पष्ट सांगण्याचा आहे. फोन आला त्याच वेळी म्हणा: “मामा, राहायला इथेच यायचं. एक संध्याकाळ आपण सगळे सराफ्यात जाऊ. उज्जैनला मात्र टॅक्सी करून द्या म्हणालात तर ओळखीचा ड्रायव्हर सांगून ठेवतो, मला रजा नाही घेता येणार.” भस्म आरतीचं बुकिंग आधी करावं लागतं, तेही मामांच्या मुलानं फोनवरून करावं. पाहुण्यांना राग येतो तो ऐनवेळी कळलं म्हणून. महिनाभर आधी कळलं तर तेही त्या बेतानंच येतात. आणि आग्रहाची एक संध्याकाळ खरोखर त्यांची असू द्या, तेव्हा लॅपटॉप उघडू नका.

आत्तापर्यंत एवढं केलं म्हणून पुढे रेटणं

हे थोडक्यात. अर्धवट राहिलेला कोर्स, फी भरलेला क्लास, आठ वर्षं सांभाळलेलं मंडळाचं पद. यात गेलेला पैसा आणि वेळ परत येणार नाही, चालू ठेवलं तरी नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (आर्क्स आणि ब्लूमर, १९८५) नाटकांची हंगामी तिकिटं काहींना पूर्ण दरात आणि काहींना सवलतीत विकली गेली. ज्यांनी पूर्ण पैसे मोजले ते हंगामाच्या पहिल्या भागात जास्त नाटकांना गेले. नाटकं दोघांनाही तीच होती. तुमच्याकडे असं काही असेल तर एकच विचारा: आज हे नव्यानं समोर आलं असतं तर घेतलं असतं का?

मोकळा झालेला वेळ तसाच ठेवणं

आठवड्याला तीन तास सुटले आणि त्यांना जागा ठरवून दिली नाही, तर ते फोन खाणार. हे इतकं नेमानं घडतं की काम सोडण्याआधी त्या वेळात काय करायचं ते ठरवावं. ‘पेटी वाजवायला बसेन’ एवढं पुरत नाही. ‘शनिवारी जेवणं झाली, ओटा आवरला की पेटी काढायची’ असं वेळेला आणि प्रसंगाला बांधलेलं ठरवा. असा बांधलेला बेत पार पडण्याची शक्यता नुसत्या इच्छेपेक्षा जास्त असते, हे मानसशास्त्रात बरंच तपासलं गेलं आहे.

व्हॉट्सॲपचं तर तासाभराचं काम आहे, एकदाच करून टाका. सोसायटी, शाळा, माहेर, सासर, भिशी, जुनी बॅच असे ग्रुप कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका आणि रात्री एकदा उघडा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ‘ग्रुप्स’ असतं, तिथे आपल्याला ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं ते ठरवता येतं. २०२२पासून ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, सगळ्यांना नाही. तरीही घरच्या ग्रुपमधून बाहेर पडू नका असंच मी सांगेन. तिथे म्यूट पुरतं, आणि कोणाच्या आजारपणाची बातमी चुकणं परवडत नाही.

सगळं एकदम सोडणंही टाळा. एका वेळी एक काम, आणि निदान महिनाभर त्याच्याकडे परत जायचं नाही.

सोडलेलं काम परत आलं तर

तीन महिन्यांनी भाऊंचा पुन्हा फोन येतो: “वहिनी, नव्या खजिनदाराला जमत नाहीये.” बहुतेक वेळा याचं कारण असं की काम सोडलं पण सोपवलं नाही. पावतीपुस्तकं, मागच्या वर्षीची वही, मंडपवाला, मूर्तिकार आणि किराणावाल्याचे नंबर, बँकेचं पासबुक हे सगळं एका फाईलमध्ये घालून नव्या माणसाच्या हातात द्या. एक संध्याकाळ त्याच्याबरोबर बसा. पहिल्या वर्षी त्यानं काही विचारलं तर सांगा, पण वही पुन्हा आपल्या घरी आणू नका.

नोकरीत मात्र असा सरळ नकार दरवेळी चालत नाही, हे मान्य करायला हवं. तिथे साहेबांना हातातल्या कामांची यादी दाखवून विचारा, “सर, हे नवीन आधी घेऊ की यातलं कोणतं मागे ठेवू?” मागे काय ठेवायचं ते त्यांनाच ठरवू द्या, आणि तेच ईमेलवर लिहून घ्या.

आणि घ्यायला कोणी पुढे आलंच नाही तर? मग ते काम एक वर्ष होऊ नये. कोणाचं औषधपाणी, मुलांची फी, दिव्याचं बिल यांना हा नियम अर्थातच लागू नाही. पण वार्षिक सहल, स्मरणिका, तिसऱ्या रविवारची मीटिंग असलं काही असेल तर ते न होता वर्ष जाऊ द्या. पुढच्या वर्षी दोघा-तिघांनी येऊन “हे पुन्हा सुरू करू या” म्हटलं तर काम त्या दोघा-तिघांकडे द्या.