मुलांना तोरा शिकवताना: आधी खुणा, मग चाल

बार मित्झ्वा (ज्यू मुलगा धर्मानुसार सज्ञान झाल्याचा समारंभ) जवळ आली की पालकांची मागणी ठरलेली: "सर, पाराशा मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या, पोरगा पाठ करेल." ठाण्या-मुंबईत नव्याने शिकवायला लागणाऱ्याने इथेच ठाम राहावं. पाराशा म्हणजे तोराचा, या हिब्रू धर्मग्रंथाचा, त्या आठवड्याचा भाग; नुसता पाठ केला तर तो त्या शब्बाथपुरता, म्हणजे त्या शनिवारपुरता. तआमीम, म्हणजे चाल सांगणाऱ्या अक्षरांच्या वर-खालच्या खुणा, वाचता आल्या तर पोरगा पुढच्या आठवड्याचाही पाराशा काढतो.

स्वरचिन्हांसह वाचन सफाईदार होईपर्यंत चालीला हात लावू नका. आणि देवनागरीत अजिबात लिहून देऊ नका. मराठीत जोर कुठल्या अक्षरावर पडला यावरून अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपली मुलं सगळं एका वजनात म्हणतात. बेरेशीथच्या (उत्पत्तीच्या) २९व्या अध्यायात राहेल मेंढरं घेऊन येते. सहाव्या वचनात 'बाआ'चा जोर शेवटी: ती येते आहे. नवव्यात पहिल्या अक्षरावर: ती आली. अक्षरं तीच, जोराच्या अक्षरावर बसणारी खूण सरकली. ही दोन वचनं मी शेजारी शेजारी ठेवतो आणि मुलांना खुणेवर बोट ठेवूनच म्हणायला लावतो. पश्ता ही खूण मात्र फसवी. जोर कुठेही असो, ती शब्दाच्या टोकालाच बसते. काही प्रतींत जोराच्या अक्षरावर ती पुन्हा छापतात. मुलांना तसलीच प्रत द्या.

खुणा सुट्या घोकवू नका, जोडीने येतात तशा द्या: मेरखा-तिपखा, मुनाख-अतनाख, वचनाच्या शेवटी सोफ पासूक. अतनाखला वाक्य मोडतं, तिथे श्वास. नावांचा घोळ आधीच मिटवा; अश्केनाझींची (मध्य-पूर्व युरोपच्या परंपरेच्या ज्यूंची) तिपखा ती सेफार्दींची (स्पेनकडच्या परंपरेच्या ज्यूंची) तारखा. हाफ्तारात, म्हणजे तोरानंतर वाचायच्या संदेष्ट्यांच्या उताऱ्यात, खुणा याच, चाल वेगळी.

शालशेलेत या खुणेची वाट मुलं फार बघतात. अख्ख्या तोरात ती चारदाच येते. सदोम सोडताना लोट घुटमळतो, तिथली लांबलचक तान पोरं हौसेने ओढतात. ओढू द्या!

सेफेरमध्ये, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत, ना स्वरचिन्हं ना खुणा. त्यासाठी तिक्कून नावाचं सरावाचं पुस्तक वापरा: एका रकान्यात खुणांसह मजकूर, शेजारी सेफेरसारखा कोरा. वचन जमलं की लगेच खुणांची बाजू झाका, महिनाभर थांबू नका. प्रत्यक्ष वाचताना अर्थ बदलणारी चूक झाली की बाजूला उभे असलेले लगेच टोकतात. बिचारं पोर तिथेच गडबडतं. म्हणून सरावातही मधेच टोका आणि त्याच शब्दापासून पुन्हा उचलायला लावा.