२४०झेडच्या मॅनिफोल्डमधलं गरम पाणी बंद करण्याआधी हे करा

डॅटसन २४०झेड, म्हणजे जुनी जपानी स्पोर्ट्स कार, हातात आली की पहिला सल्ला ठरलेला, कार्बखालच्या (कार्ब म्हणजे कार्बुरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) मॅनिफोल्डमधलं, म्हणजे ते मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्यांमधलं, गरम पाणी बंद करून टाक, पॉवर वाढेल. जरा थांबा. कंपनीने ते पाणी उगाच फिरवलेलं नाही. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, त्यामुळे थंड दमट हवेत कार्बच्या आत चक्क बर्फ धरतो आणि गार मॅनिफोल्डला पेट्रोल ओलंच चिकटतं, मग काय, चोक ओढून बसा. सिएटलच्या पावसाळी थंडीत पाणी चालू हवंच, अ‍ॅरिझोनाच्या उन्हात नसलं तरी अडत नाही.

आधी चेक करा. गार गाडी चालू करायची आणि ती तापत असतानाच मॅनिफोल्डच्या पुढच्या नि मागच्या होजला हात लावून बघायचा, पण फॅन आणि एक्झॉस्टपासून जपून. एक गरम आणि दुसरा गारच राहिला तर आत गाळ किंवा गंज अडकलाय.

साफ करायचं तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मगच रेडिएटरचं झाकण उघडा, कूलंट (म्हणजे इंजिनात फिरणारं तेच पाणी) भांड्यात काढा. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्रं-मांजर आसपास असेल तर एक थेंबही सांडलेला ठेवू नका. होज काढण्याआधी फोटो काढा. जुने होज ओढू नका, ब्लेडने उभा चीर देऊन सोलून काढा, नाहीतर आतली नळी वाकते. मऊ तारेने गाळ मोकळा करून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. नवा होज कूलंटचाच घ्या, पेट्रोलचा नको. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा, गाडीचं नाक थोडं वर ठेवून, हीटर गरमवर ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

तरीही बंदच करायचं असेल तर पाणी येतं तिथे आणि परत जातं तिथे, दोन्हीकडे पितळी प्लग लावा, रबरी टोप्या तडकतात, आणि हीटरची लाइन मात्र तशीच ठेवा. पॉवरची फार आशा धरू नका. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, कार्बना खरी धग खालूनच लागते. उन्हाळ्यात तापलेली गाडी चटकन स्टार्ट होत नसेल तर कार्ब आणि एक्झॉस्टच्या मधलं हीट शील्ड (धग अडवणारा पत्रा) जागेवर आहे का ते आधी बघा, बऱ्याच गाड्यांत ते कुणीतरी काढून ठेवलेलं असतं.