टाटा इस्टेट पुन्हा उभी करताना : नाशिकमधील पहिली सहामाही

टाटांच्या टेल्को कंपनीने १९९२ साली इस्टेट बाजारात आणली, तेव्हा लांब छपराची, पाच दारांची आणि मागे सामानासाठी ऐसपैस जागा असलेली डिझेल मोटार ही आपल्याकडे नवलाईच होती. विजेवर वरखाली होणाऱ्या काचा आणि पॉवर स्टिअरिंग या गोष्टी त्या काळी फारच थोड्या देशी गाड्यांत होत्या. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ज्यांनी शाळकरी वयात गंगापूर रोडवरून जाणारी एखादी इस्टेट मान वळवून पाहिली होती, त्यांच्या हाती आता थोडा पैसा आणि थोडी सवड आली आहे. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक आहे. अशी गाडी विकत घेऊन आपल्या पसंतीप्रमाणे नव्याने उभी करायची, तर आरंभ कोठून करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. रंग आणि पॉलिश यांपर्यंत तो जात नाही.

पहिली गोष्ट गाडी निवडण्याची. बहुतेक जण बॉनेट उघडून इंजिन ऐकतात आणि त्यावरून भाव ठरवतात. इस्टेटच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा. तिचे १९४८ सीसीचे डिझेल इंजिन टाटांचीच २०७ मोबाइल पिकअप, सिएरा आणि १९९४ साली आलेली सुमो यांच्याच घराण्यातले असल्यामुळे लाइनर, पिस्टन, गॅस्केट, क्लच, नोझल यांपैकी काहीही फार काळ अडून राहत नाही. पुढच्या भागाचेही मोबाइल आणि सिएराशी बरेच साम्य आहे. अडते ते केवळ इस्टेटचे म्हणून जे आहे तेथे : मागचे दार, त्याची काच, मागच्या बाजूच्या लांब काचा, मागचे दिवे, आतले प्लॅस्टिकचे आच्छादन, दारांच्या पट्ट्या. म्हणून बंद इंजिनाची पण काचा-दिव्यांसह पूर्ण असलेली गाडी ही सुरू इंजिनाच्या पण अर्धवट गाडीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते. पुढची काच दोन थरांची असल्याने ती मापाबरहुकूम बनवून मिळू शकते. बाजूच्या आणि मागच्या काचा मात्र टफन्ड असतात. अशी काच एकदा तापवून कडक केल्यावर कापता येत नाही, आणि ती वक्र असेल तर नवी घडवण्यासाठी आधी साचा करावा लागतो. एका काचेसाठी साचा करणे किती महाग पडते, हे विचारून पाहिल्यावर आपोआप कळते.

नाशिक जिल्ह्यात जुन्या गाड्या पुष्कळदा मळ्यांत सापडतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात द्राक्षाचा पैसा आला तेव्हा घेतलेल्या आणि पुढे नवी गाडी आल्यावर शेडमध्ये लावलेल्या कितीतरी मोटारी आजही तशाच उभ्या आहेत. आपली हवा मुंबई-कोकणासारखी खारट नसल्यामुळे त्यांचा पत्रा तुलनेने शाबूत असतो, हे खरे. परंतु मळ्यातल्या गाडीची एक वेगळी खोड असते. मागे भरपूर जागा असल्याने इस्टेटमधून खताच्या गोण्या आणि फवारणीचे सामान सर्रास नेले जाई. द्राक्षावर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातले मोरचूद लोखंडाला खाते. रासायनिक खतही ओल धरून पत्रा कुजवते. त्यामुळे मागचा गालिचा उचलून, त्याखालचा कागद किंवा डांबरी थर खरवडून फरशी पाहिल्याशिवाय बोलणी करू नयेत. कांद्याच्या चाळीशेजारी उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असणार, हे गृहीतच धरावे.

पत्रा तपासण्यासाठी खिशात एक साधे लोहचुंबक असावे आणि ते पातळ कापडात गुंडाळलेले असावे, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. जेथे चुंबक धरत नाही तेथे पुट्टी, म्हणजे खड्डे बुजवणारे लुकण, जाड आहे असे समजावे. चाकांच्या कमानी, दारांखालचे पट्टे, पुढच्या काचेची खालची कड, स्टेपनीची जागा आणि मागच्या दाराचा तळ या ठिकाणी गंज प्रथम लागतो. मागचे दार उघडून त्याच्या तळाची पाणी निघण्याची भोके काडी घालून पाहावीत. ती बुजलेली असली, तर आत साठलेल्या पाण्याने पत्रा आतून फुगलेला असतो आणि बाहेरून त्याची गंधवार्ताही लागत नाही. इस्टेटला शिडीसारखी स्वतंत्र चेसिस असल्यामुळे बॉडीची दुरुस्ती कितीही मोठी असली तरी ती शक्य कोटीतली असते. चेसिसच वाकलेली किंवा वेल्डिंगने जोडलेली दिसली, तर मात्र भाव न विचारता परत फिरावे.

यानंतर कागद. खरे तर कागद गाडीच्या आधी पाहावेत, पण मन तेवढे थांबत नाही. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यापुढे दर ५ वर्षांनी रिपासिंग करावे लागते. म्हणजे १९९६ च्या गाडीचे २०११, २०१६, २०२१ असे दर वेळी रिपासिंग झालेले असायला हवे. यातले एखादे राहून गेले असेल, तर विलंबाचे शुल्क महिन्यागणिक चढत जाते आणि त्यावर पर्यावरण कर वेगळा द्यावा लागतो. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्कच १०,००० रुपये झाले आहे. ही सर्व रक्कम सौद्यातून वजा करूनच भाव बोलावा. चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतः कागदावर पेन्सिल घासून उतरवून घ्यावेत आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहावेत; वाहन पोर्टलवर दंड, काळ्या यादीची नोंद आणि बोजा, म्हणजे आरसीवरील कर्जाची नोंद, तपासावा. मालक बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, मालक हयात नसेल तर वारसांकडून फॉर्म ३१, आणि गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर तेथील ना-हरकतीसाठी फॉर्म २८ लागतो. 

बोज्याविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. नव्वदच्या दशकात ग्रामीण भागातली अनेक कर्जे लहान सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी दिली होती, आणि त्यांतल्या काही पुढे विलीन झाल्या वा अवसायनात निघाल्या. कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण आरसीवरील बोजा तसाच राहिलेला असतो, आणि तो उतरवण्याच्या फॉर्म ३५ वर सही करायला कोणी उरलेले नसते. लेखकाच्या गाडीच्या बाबतीत हेच घडले आणि एका सहीसाठी चार महिने गेले. म्हणून बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम हाती देऊ नये. विसार द्यावा, पावती घ्यावी आणि वाट पाहावी.

व्हिंटेज नोंदणीची आशा काही जण बाळगतात. २०२१ च्या नियमांनुसार ती पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या वाहनांनाच मिळते. त्या हिशेबाने १९९२ च्या अगदी पहिल्या इस्टेटलाही २०४२ पर्यंत थांबावे लागेल. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने एक साधी जुनी डिझेल मोटार आहे आणि तिला विमा, पीयूसी, उच्च सुरक्षा नंबरपाटी हे सर्व लागू आहे.

आता ‘आपल्या पसंतीप्रमाणे’ या शब्दांचा विचार करू, कारण येथेच पैसा सर्वांत अधिक वाया जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेपासून दूर जाणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधिक स्पष्टपणे सांगितले. छप्पर कापणे, चेसिस लांबवणे, वेगळ्या जातीचे इंजिन परवानगीविना बसवणे हे विचार कागदावर यायच्या आधीच सोडून द्यावेत. रंग बदलायचा असेल, तर पेठ रोडच्या कार्यालयात आधी विचारून आरसीवर नोंद करून घ्यावी. रंगवून झाल्यावर नव्हे. जे उरते तेही पुष्कळ आहे. हेडलाइटना रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्वतंत्र खटका, लावून प्रकाश वाढवता येतो, मागच्या आसनांना चांगले पट्टे बसवता येतात, छपराखाली आणि फरशीवर आवाज अडवणारा थर देता येतो, आसनांचे कापड, गालिचा, एसी यांत हौस भागवता येते. लेखकाने स्वतःला एकच नियम घालून घेतला : जो बदल करताना मूळ पत्र्याला नवे भोक पाडावे लागते, तो करायचा नाही. हा नियम थोडा कर्मठ आहे, हे मान्य. पण त्यामुळे गॅरेजमध्ये दर आठवड्याला सुचणाऱ्या नव्या कल्पनांना आपोआप आळा बसतो.

कामाचा काळ ठरवताना पंचांगापेक्षा पाऊस पाहावा. दमट हवेत रंग मारला तर तो पांढुरका पडतो आणि उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस गंज धरतो. म्हणून गाडी दसऱ्याच्या सुमारास खोलायला घ्यावी, पत्राकाम हिवाळ्यात उरकावे आणि रंग मे संपायच्या आत पूर्ण होईल असे पाहावे. मृगाच्या आधी बॉडी बंद होणार नसेल, तर ती खोलूच नये.

खोलण्याआधी फोटो काढावेत, आणि ते वाटतात त्याच्या तिप्पट काढावेत. प्रत्येक बोल्ट, वायरचा प्रत्येक जोड, प्रत्येक क्लिप कोणत्या दिशेने बसते हे काढण्यापूर्वी टिपावे. नटबोल्ट लहान पिशव्यांत घालून आत कागदाची चिठ्ठी ठेवावी. पिशवीवर मार्करने लिहिलेले डिझेलचा हात लागताच पुसून जाते. मागचे दिवे, काचा, पट्ट्या आणि आतले प्लॅस्टिक गॅरेजमध्ये न ठेवता घरी माळ्यावर ठेवावे. लेखकाच्या गाडीच्या मागच्या डाव्या दिव्याची काच एका गॅरेजमध्ये कोणाच्या तरी पायाखाली आली, आणि जोडीची मिळेपर्यंत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पाच खेपा झाल्या.

माणसे निवडण्याच्या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे लेथ, पत्राकाम, रबर, पावडर कोटिंग यांची लहान-मोठी युनिट्स हाकेच्या अंतरावर आहेत. मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा, कारखाना डिझेलच्या नोझलसाठीच सातपुरात उभा असल्यामुळे पंप आणि नोझल यांची नेमकी जाण असलेले कारागीर शहरात पूर्वीपासून आहेत. फ्युएल पंपाचे काम रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे न देता कॅलिब्रेशनचे, म्हणजे पंपाचे माप तपासून जुळवण्याचे, बाकडे असलेल्या ठिकाणीच द्यावे. डेंटरकडे जाताना मात्र जाहिरात पाहू नये, तर त्याने पुट्टी लावण्याआधीचे काम दाखवायला सांगावे. चांगला डेंटर कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने बसवतो. घाईतला डेंटर त्यावर पट्टी ठेवून गॅसने चिकटवतो आणि वर पुट्टी ओढतो. करार लेखी असावा, पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि पुट्टी लागण्यापूर्वी उघडा पत्रा आपण स्वतः पाहणार, ही अट त्यात असावी. आपला अंदाज काढून झाल्यावर त्यात निम्म्याने भर घालावी. तीही पुरेल असे नाही.

मागच्या दाराच्या रबराला, म्हणजे बीडिंगला, दुय्यम समजू नये. चौकोनी पाठीची गाडी धावते तेव्हा तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर मागे वळून दाराला चिकटतो. रबर कडक झाले असेल, तर तोच धूर फटीतून आत येतो आणि मागे बसलेल्यांचे डोके दुखू लागते. जुन्या रबराचा दोन इंचांचा तुकडा कापून त्याचा छेद जुळणारी पट्टी शोधावी. तंतोतंत मिळाली नाही, तर किंचित मऊ पट्टी घ्यावी, जाड घेऊ नये, कारण जाड पट्टीने दार बसत नाही आणि बिजागऱ्या ताणल्या जातात.

इंजिनापासून सुरुवात करू नये, असे वर म्हटले आहे. तरी वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला सौद्याच्या दिवशीच बॅटरी लावून सेल मारण्याचा मोह होतो. तो टाळावा. टाकीतले जुने डिझेल काढून टाकी धुवावी, दोन्ही फिल्टर बदलावेत, नवे ऑइल भरावे, आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले तरच पुढे जावे. मग इंधनाच्या वाटेतली हवा काढावी, हीटर प्लग तपासावेत आणि त्यानंतर सेल मारावा. सुरू झाल्यावर ऑइलचे झाकण उघडून पाहावे : तेथून फसफसून वाफ येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. काळा धूर सहसा नोझल किंवा एअर फिल्टरकडे बोट दाखवतो, निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा हेड गॅस्केटचा असतो. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजून लिहून ठेवावे. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे अधिक महत्त्वाचे, आणि तो दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन खोलण्याची घाई करू नये.

ब्रेकच्या बाबतीत मात्र कसलीही काटकसर करू नये. रबरी होज बाहेरून धड दिसतात आणि आतून फुगून बंद झालेल्या असतात. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि सर्व होज एकदमच बदलावेत. टायरवरचे चार आकडे पाहावेत : पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ०८०९ असे लिहिलेला टायर कितीही नक्षीदार दिसला तरी तो २००९ चा आहे.

पहिली चाचणी त्र्यंबक रस्त्यावर घ्यावी, कसारा घाटात नव्हे. सोबत एक माणूस मागच्या आसनावर बसवावा, सर्व काचा बंद ठेवाव्यात आणि अंजनेरीपर्यंत जाऊन यावे. परत आल्यावर त्याला धुराचा वास आला का, एवढेच विचारावे, आणि उत्तर होकारार्थी असेल तर बीडिंगचे काम पुन्हा काढावे.