सेकंडहँड केग, सिलेंडर, फर्मेंटर घेताय किंवा विकताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत घरी कोंबुचा (आंबवलेला गोड चहा), जिंजर एल, फळांचा सोडा करणारे लोक आता बऱ्यापैकी झालेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा उत्साह एक-दोन सीझन टिकतो. मग घोडबंदरच्या टू बीएचकेमध्ये १९ लिटरचा केग (फसफसणारं पेय प्रेशरखाली ठेवायचा स्टीलचा पिंप) आणि त्यासाठी घेतलेला तो दुसरा फ्रीज ठेवायचा कुठे यावरून घरात बोलणं सुरू होतं आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळं विकायला निघतं. म्हणजे चांगलं सामान कमी पैशात मिळतं, त्यात वाद नाही. पण भाव कशावर होतो बघा, केगला बाहेरून ओरखडा दिसला की "दादा पाचशे कमी करा", आणि आतला पिवळा पडलेला पाइप, कडक झालेली ओ-रिंग (सांध्यातलं रबरी कडं), सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरची मुदत संपलेली टेस्ट, याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. स्टील आणि काच वर्षानुवर्षं टिकते हो, रबर, प्लास्टिक आणि पीएच मीटरचे प्रोब (पाण्यात बुडवायचं टोक) टिकत नाहीत. घासाघीस करायचीच असेल तर यावर करा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि लायसन्सशिवाय घरी बीअर, वाइन, मीड (मधाची दारू) बनवणं गुन्हा आहे, इतकंच नाही तर कलम ६५ प्रमाणे त्या कामासाठी भांडी-साधनं बाळगणंही गुन्ह्यात येतं. त्यामुळे "जुना बीअर सेटअप, सगळ्यासकट" असली जाहिरात टाकणं शुद्ध मूर्खपणा आहे, आणि कोणी तांब्याची भट्टी किंवा डिस्टिलिंगचं काही स्वस्तात देतोय म्हणाला तर हात जोडून निघा. खाली जे लिहिलंय ते कोंबुचा आणि सोड्यावाल्यांसाठी.

केग बघताना लोक काय चुकतात

पहिली चूक, बॉल लॉक की पिन लॉक (केगला पाइप जोडायचे दोन प्रकार) हे न विचारताच घेणं. दोन्ही केग लांबून सारखेच दिसतात पण कनेक्टर वेगळे, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. पिन लॉक ओळखायला सोपा, गॅसच्या पोस्टला (पाइप जोडायचं तोंड) दोन पिना आणि लिक्विडच्या पोस्टला तीन. तुमच्याकडे बॉल लॉकचं सामान असेल आणि पिन लॉक केग स्वस्त मिळाला म्हणून उचलला तर पोस्ट बदलण्यात तो स्वस्तपणा निघून जातो, आणि प्रत्येक कंपनीच्या पोस्टचे आटे वेगळे असू शकतात म्हणून आतला पॉपेटसुद्धा (स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह) कुठलाही चालत नाही.

दुसरी चूक म्हणजे रिकामा केग हातात घेऊन "मस्त आहे" म्हणणं. रिकाम्या केगवरून काहीच कळत नाही. विकणाऱ्याला सांगा की त्याच्या गॅसवर साधारण दोन बारपर्यंत प्रेशर भरून ठेव, मग झाकणाच्या कडेला, दोन्ही पोस्टला आणि सेफ्टी व्हॉल्व्हला साबणाचं पाणी मारा. बुडबुडे पोस्टला किंवा झाकणाला आले तर बहुतेक वेळा ओ-रिंग असते, ते किरकोळ काम आहे, घाबरू नका, फक्त तेवढे पैसे कमी करून घ्या. पण झाकण बसतं ती कडच चेपलेली असेल तर सोडा तो केग, तिथे कुठलीही ओ-रिंग मदत करत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघा, फुस्स करून परत बंद झाला पाहिजे. मग प्रेशर सोडून झाकण उघडा, मोबाइलचा टॉर्च आत मारा आणि तळाची आणि वेल्डिंगची लाइन बघा, गंजाचे बारीक काळे-तांबडे खड्डे असतील तर कोणीतरी त्यात क्लोरीनचं ब्लीच भरून ठेवलं होतं असं समजा. क्लोरीन स्टेनलेस स्टीललाही खातं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि वास घ्या! आधी त्यात ऑरेंज सिरप वगैरे असेल तर रबर तो वास सोडत नाही, धुवून धुवून हात दुखतील. सगळ्या ओ-रिंगा बदला, फूड ग्रेड सिलिकॉन किंवा ईपीडीएम (एक प्रकारचं रबर). नळाच्या दुकानातला काळा वॉशर "बसतोय ना" म्हणून लावू नका आणि व्हॅसलीन तर अजिबात चोळू नका, पेट्रोलियममुळे ईपीडीएम फुगतं. फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस मिळतं, ते वापरा.

सिलेंडरचा व्यवहार सगळ्यात जास्त फसतो

सीओटूच्या सिलेंडरमध्ये गॅस किती उरलाय हे गेजवर कळत नाही. आत लिक्विड असतं, आणि शेवटचा थेंब उडेपर्यंत काटा जवळपास तिथेच उभा राहतो, तापमानाप्रमाणे थोडा वर-खाली होतो इतकंच. म्हणून "गेज फुल दाखवतंय बघा" या वाक्यावर पैसे देऊ नका. मानेवर रिकाम्या सिलेंडरचं वजन ठोकलेलं असतं, काट्यावर वजन करा आणि वजा करा, राहिलं तो गॅस.

त्याच मानेवर टेस्टची तारीख असते. सीओटूच्या सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या प्रेशरने तपासणी) साधारण दर ५ वर्षांनी करावी लागते, ती उलटून गेली असेल तर गॅस भरणारा हात लावणार नाही आणि लावूही नये. अजून एक गोची म्हणजे कोणाच्या तरी भावाने अमेरिकेतून, दुबईतून आणलेला सुंदर छोटा ॲल्युमिनियमचा सिलेंडर. आपल्याकडे सिलेंडरला पेसोची (केंद्र सरकारची पेट्रोलियम-स्फोटक सुरक्षा संस्था) मंजुरी लागते, ती नसेल तर तो भरून मिळत नाही, शिवाय अमेरिकन रेग्युलेटरची जोडणी आपल्या व्हॉल्व्हला बसत नाही, मग ॲडॉप्टर शोधत फिरा. सोपा उपाय आहे, पैसे द्यायच्या आधी मानेवरच्या ठोकलेल्या अक्षरांचा फोटो मागवा आणि तुम्ही जिथून गॅस भरणार त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवून विचारा, "भाऊ हा भरून द्याल का?" नाही म्हणाला तर विषय संपला. बिल मागायचंही विसरू नका, भरणारा सिलेंडर कोणाचा हे विचारू शकतो.

मत्स्यटाकीवाल्यांकडून रेग्युलेटर घेणारेही बरेच आहेत. झाडांच्या टाकीला थेंब-थेंब गॅस लागतो, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच रेग्युलेटरला बाहेरचं प्रेशर कमी-जास्त करायची सोयच नसते, नुसता नीडल व्हॉल्व्ह असतो. केगला प्रेशर सेट करता आलं पाहिजे. दोन गेज आणि मधे फिरवायची चावी असेल तरच बघा.

आणि बंद बेडरूममध्ये, एसी लावून, सिलेंडर ठेवू नका, गळला तर गॅस खाली साठतो आणि वास येत नाही.

प्लास्टिक, काच, बाटल्या

जुनी प्लास्टिकची बादली-फर्मेंटर (पेय आंबवायचं भांडं) मी तर फुकट मिळाली तरी घेणार नाही. आत तारेच्या घासणीचे ओरखडे असतात, त्यात जंतू बसतात आणि सॅनिटायझर तिथपर्यंत पोचत नाही. काचेच्या बरणीचा नळ मात्र जरूर खोलून बघा. "धुतलंय हो सगळं" म्हणणाऱ्याने नळ खोललेला नसतो, आणि आत जे चिकट निघतं ते बघून काही जण कोंबुचा प्यायचंच सोडतील. नळ पितळेचा किंवा मुलामा दिलेला असेल तर बदला, कोंबुचाचा पीएच साडेतीनच्या खाली असतो आणि ते आंबट पाणी धातूला सोडत नाही. याच कारणासाठी जुन्या बाजारातल्या रंगीत नक्षीच्या मातीच्या बरण्या शोपीस म्हणून ठेवा, ग्लेझमध्ये शिसं आहे की नाही हे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही.

स्टीलच्या भांड्याला लोहचुंबक लावून "चिकटत नाही म्हणजे ३०४" (चांगल्या प्रतीचं स्टेनलेस) म्हणणारे भेटतील. स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. भांडी-भंगारवाल्यांकडे थेंब टाकून बघायचं टेस्टिंगचं लिक्विड असतं, शंका असेल तर ते करून घ्या.

बाटल्यांमध्ये चौकोनी, शोभेच्या क्लिपवाल्या बाटल्या सोड्याला नकोत. गोल, जाड काचेच्या, मुळात फसफसणाऱ्या ड्रिंकसाठी बनवलेल्या घ्या. मे महिन्यात किचन ओट्यावर ठेवलेली चौकोनी बाटली म्हणजे सुतळी बॉम्बच.

मीटर आणि फ्रीज

हायड्रोमीटर (पेयातली साखर मोजायची काचेची तरंगती नळी) जागेवरच साध्या पाण्यात टाका. २० डिग्रीवर १.००० दाखवायला हवा, आपल्या ३० डिग्रीच्या पाण्यात ०.९९७-०.९९८ दिसेल, ते बरोबर आहे. आतली कागदी पट्टी सरकली असेल तर आकडा चुकतो, पण चूक ठरलेली असते, तेवढं वजा करून वापरता येतो. पीएच मीटरचं तसं नाही. त्याचा प्रोब तसाही वर्ष-दोन वर्षांचा पाहुणा आणि कोरडा ठेवला असेल तर गेलाच, म्हणून जुन्या मीटरचे पैसे प्रोब मेला असं धरूनच द्या, बफर ४ आणि ७ वर (ठरलेल्या पीएचची तपासणीची लिक्विडं) नीट आला तर तुमचं नशीब.

फ्रीज टेम्पोत आडवा आणला तर उभा करून काही तास थांबा, लगेच चालू करू नका. बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावणार असाल तर इन्व्हर्टर फ्रीज टाळा, त्याची लाइन सारखी तोडणं त्याला मानवत नाही. साध्या फ्रीजला कंट्रोलरमध्ये कॉम्प्रेसर डिले (बंद झाल्यावर परत चालू होण्याआधीचा थांबा) तीन-पाच मिनिटं ठेवा. परदेशातून आलेलं काहीही असेल तर मागची पाटी वाचा, ११० व्होल्टची हीटिंग कॉइल आपल्या २३० वर लावली की चौपटीहून जास्त पॉवर ओढते आणि मग जे व्हायचं ते होतं.

विकणाऱ्यांनो, तुमचंही जरा

"अमेरिकेहून आणलंय, कस्टम भरलंय" हे ऐकून घेणाऱ्याला काही फरक पडत नाही, तेच सामान आज इथे नवीन कितीला मिळतं तिथून भाव सुरू होतो. जुने पाइप किमतीत धरू नका, फेकून द्या. सगळं खोलून, सुकवून फोटो काढा, ओ-रिंगा शेवटच्या कधी बदलल्या ते लिहा, आणि केगमध्ये काय काय केलं होतंत ते स्पष्ट सांगा कारण फक्त सोडा करणाऱ्याला कोंबुचाचं कल्चर नको असतं. स्कोबी (ते कोंबुचाचं कल्चर) फुकट द्या राव, त्याचे काय पैसे घेता.

"मी आर्मीत आहे, पोस्टिंग आलंय, न बघताच घेतो, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असा मेसेज आला की ब्लॉक करा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा.

आणि भेटायचं कुठे? ठाणे स्टेशनच्या पुलावर किंवा वाशीला प्लॅटफॉर्मवर सामानाची अदलाबदल करायची सवय सोडा, तिथे ना प्रेशर बघता येतं ना वजन. विकणाऱ्याच्या घरी जा, जाताना साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली, टॉर्च आणि बॅगा मोजायचा तो हुकवाला काटा न्या. रिकामा केग मालडब्यातून येईल, पण गॅस सिलेंडर रेल्वेत न्यायला बंदी आहे, त्यामुळे तो ऐरोलीहून ठाण्याला आणायचा तर मित्राची गाडी किंवा टेम्पो बघा, उभा बांधा, व्हॉल्व्हला टोपी लावा आणि काचा उघड्या ठेवा.